रोहू वाढतो कसा, आणि त्याला आवरतं कोण?

१. इंजेक्शनचा मासा

यवतमाळच्या मच्छी बाजारात दोन-अडीच किलोचा रोहू मांडला की गिऱ्हाईक आधी कल्ला उचलून आतला लालपणा पाहतं आणि मग हळूच विचारतं, "इंजेक्शनचा तर नाही ना?" विकणारी बाई म्हणते, "नाही जी, धरणाचा आहे." ती खरंच सांगत असते, पण गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. कोंबडीबद्दल हा संशय जुनाच आहे, माशाच्या वाट्याला तो अलीकडे आला.

गंमत अशी की इंजेक्शन असतं. पण ते या माशाला नाही, त्याच्या आईबापाला दिलेलं असतं. रोहू, कटला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येऊन पाणी काठावर पसरलं की ते अंडी सोडतात. तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी भरतात, पण बाहेर पडत नाहीत. म्हणून पूर्वी या माशांचं बीज नदीतून गाळून आणावं लागे, आणि त्यात रोहू किती आणि फुकटचे किती हे मासे मोठे झाल्यावरच कळे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी सोडायला लावली. १० जुलै हा आपल्याकडे मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, तो त्याचमुळे. आज मत्स्यबीज केंद्रात नर-मादीला एकेक टोचणी देतात, मादी रातोरात अंडी सोडते, आणि तिथे त्या टोचणीचं काम संपतं. तुमच्या पिशवीतल्या माशाला सुई लागलेलीच नसते.

तरीही गिऱ्हाइकाच्या संशयाखाली एक अस्सल प्रश्न आहे. एकाच केंद्रातून आणलेलं बीज पूस धरणात सोडलं तर वर्षात किलोभर होतं आणि गावतळ्यात पाव किलोवर अडतं. दुसरं म्हणजे, मासा मरेपर्यंत वाढतो असं भोई लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. माणूस विशीत थांबतो, बैल चार-पाच वर्षांत थांबतो, मग मासाच का वाढत राहतो? आणि वाढतच राहतो, तर वाढ हाताबाहेर का जात नाही?

या प्रश्नांच्या उत्तरात एका प्रथिनाचं मोठं काम आहे. त्याचं नाव मायोस्टॅटिन. ते स्नायू वाढवत नाही, आवरतं. पण त्याच्याकडे जाण्याआधी स्नायू म्हणजे काय ते पाहू.

२. रश्श्यातला तुकडा नीट पाहा

रोहूचा शिजलेला तुकडा बोटाने दाबला की मांसाच्या पाकळ्या सुटतात. बोकडाच्या मटणाच्या अशा पाकळ्या होत नाहीत, त्याचे लांब दोरे निघतात. फरक बांधणीचा आहे. माशाचं मांस डोक्यापासून शेपटीपर्यंत एकामागे एक बसवलेल्या नागमोडी पट्ट्यांचं असतं, आणि दोन पट्ट्यांमध्ये पातळ पडदा असतो. शिजवताना हा पडदा विरघळतो आणि पट्ट्या मोकळ्या होतात. एकेक पाकळी म्हणजे एकेक पट्टी.

पाकळी आणखी चुरडली तर बारीक तंतू दिसतील. हे स्नायुतंतू. प्रत्येक तंतू ही एकच लांब पेशी असते, आणि तिच्यात एक नव्हे, अनेक केंद्रकं असतात. अनेक लहान पेशी एकत्र मिसळून ती तयार होते म्हणून.

कातडीखाली, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या मधल्या रेषेला लागून, तपकिरी-लालसर मांसाची एक अरुंद पट्टी असते. काही घरांत ती उग्र लागते म्हणून काढून टाकतात. मासा दिवसभर संथ पोहतो तो या लाल मांसावर. बाकीचं सगळं पांढरं मांस एकदम झेप घेण्यासाठी असतं, म्हणजे मरळ मागे लागला की पळून जाण्यासाठी. माशाच्या वजनाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग स्नायूंचा असतो आणि त्यातला बहुतेक पांढरा. आपण खातो तो मुख्यतः माशाचा पळण्याचा साठा.

३. धागे जाड होतात की नवे येतात?

स्नायू दोन तऱ्हांनी वाढू शकतो. आहेत तेच तंतू जाड होतात, किंवा नवे तंतू तयार होतात. माणसात आणि गाईगुरांत तंतूंची संख्या जन्माच्या आसपास जवळजवळ ठरून जाते. तालमीत जाऊन दंड फुगतो तो मुख्यतः जुने तंतू जाड झाल्यामुळे.

रोहूला एवढ्यावर भागत नाही. का, ते साध्या हिशेबाने पाहू. धरणात सोडायची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, समजा १० ग्रॅमची आहे. ती किलोची झाली म्हणजे वजन १०० पट वाढलं. अंगाचा आकार तसाच राहिला असं धरलं तर लांबी साडेचार पटींहून थोडी जास्त वाढते: साडेनऊ सेंटिमीटरची बोटुकली ४४ सेंटिमीटरचा मासा होते. बाजारातला किलोचा रोहू साधारण एवढाच भरतो. आता नवा तंतू एकही आला नाही असं समजा. मग प्रत्येक तंतूला लांबीसारखंच जाडीतही साडेचार पट वाढावं लागेल. पण तंतूच्या जाडीला मर्यादा आहे. प्राणवायू आणि अन्न बाहेरून आत झिरपत जायचं असतं, आणि तंतू फार जाड झाला तर मधला भाग उपाशी राहतो. माशांचे जाडजूड तंतू साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास थांबतात. तेव्हा एकेका तंतूने एवढं सगळं रेटणं कठीण. नवे तंतू यावेच लागतात.

ते येतातही. जुन्या तंतूंच्या कडेला, त्यांच्या आवरणाखाली, काही राखीव पेशी निजून असतात. जाग आली की त्या दुप्पट-चौपट होतात. त्यांतल्या काही जुन्या तंतूत मिसळून त्याला जाड करतात, काही आपापसांत मिसळून नवा तंतू उभा करतात. मोठ्या वाढीच्या माशांत हे नवे तंतू घालणं, मासा आपल्या कमाल लांबीच्या साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचेतो चालू राहतं. रोहू मीटरभर लांब होऊ शकतो. म्हणजे बोटुकलीपासून बाजारापर्यंतचं त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य नवे तंतू घालण्याच्या वयात जातं. भोई सांगतात ते खरं आहे, फक्त म्हातारपणी वाढ नावापुरती उरते.

राखीव पेशींना जागं करणारी आणि त्यांना स्नायू बनायला लावणारी प्रथिनं निराळी आहेत. त्यांतलं मायोडी नावाचं प्रथिन १९८७ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड वाइनट्रॉब यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. संयोजी ऊतीच्या साध्या पेशीत त्याचं जनुक चालू केलं तर ती पेशी स्नायूची वाट धरते, एवढा त्याचा हुकूम चालतो. पण जागं करणारा असला की आवरणाराही लागतो.

४. स्नायू स्वतःलाच आवरतो

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन, ॲन लॉलर आणि से-जिन ली यांनी उंदरातलं एक जनुक निकामी करून पाहिलं. त्या जनुकातून बनणाऱ्या प्रथिनाला तोवर नुसतं जीडीएफ-८ म्हणत. जनुक बंद केलेले उंदीर मोठे झाले तेव्हा त्यांचे स्नायू नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट वजनाचे निघाले. चरबीने फुगलेले नव्हते, निव्वळ स्नायू. त्या प्रथिनाचं नाव मायोस्टॅटिन पडलं.

त्याच वर्षी एक जुनं कोडंही सुटलं. बेल्जियन ब्ल्यू जातीच्या गाई-बैलांचे पुठ्ठे इतके भरदार असतात की फोटो पाहून कुणीतरी कारागिरी केली असावी असं वाटतं. पशुपालकांनी चांगले दिसणारे पशू निवडून ही जात घडवली होती, पण त्यामागचं कारण त्यांना माहीत नव्हतं. तपासल्यावर कळलं की या जनावरांच्या मायोस्टॅटिन जनुकातली ११ अक्षरं गळलेली आहेत, त्यामुळे प्रथिन कामाचं बनतच नाही. इटलीच्या पिडमाँटीझ जातीत एकच अक्षर बदललेलं सापडलं आणि परिणाम तोच. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका मुलाचीही हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, आणि साडेचार वर्षांचा असताना तो हात आडवे ताणून दोन्ही हातांत तीन-तीन किलोचे डंबेल धरायचा.

हे आवरणं पेशीच्या पातळीवर कसं होतं? स्नायूच मायोस्टॅटिन बनवतो. आधी लांब साखळी बनते, मग ती तुटते. शेपटाकडचा तुकडा कामाचा असतो, पण उरलेला तुकडा त्याला चिकटून गप्प ठेवतो. हा बांध सुटला की दोन-दोन कामाचे तुकडे जोडीने स्नायुपेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांना जाऊन बसतात. तिथून निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. राखीव पेशींची दुप्पट-चौपट मंदावते, मायोडी दबतं, आणि तयार तंतूंत नवं प्रथिन भरण्याचा वेगही उतरतो. म्हणजे नवे तंतू आणि जाडी, दोन्हीकडे एकच हात. हा कामाचा तुकडा १०९ अमिनो आम्लांचा आहे, आणि माणूस, उंदीर, डुक्कर, कोंबडी, टर्की या सगळ्यांत तो अक्षरशः एकसारखा आहे. कोट्यवधी वर्षं निसर्गाने ज्याला हात लावू दिला नाही, ते फालतू असणार नाही.

पण वाढ आवरायची कशाला? यवतमाळच्या शेतकऱ्याला हे समजावायला लांब जावं लागत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आणि युरिया दोन्ही भरपूर मिळाले की कपाशी नुसती झाडावर जाते. छातीएवढी होते, पानंच पानं, आणि बोंडं मोजकी. तेव्हा शेतकरी शेंडा खुडतो किंवा वाढ रोखणारं औषध फवारतो, म्हणजे झाडाचा जोर पात्या-बोंडांकडे वळतो. माशाचंही असंच आहे. उन्हाळ्यात पाणी आटतं, खाणं कमी होतं, पुढच्या पावसात अंडी घालायची असतात. सगळी मिळकत स्नायूत घातली तर चरबीच्या साठ्याला आणि अंड्यांना उरत नाही. फरक एवढाच की कपाशीचा शेंडा बाहेरचा माणूस खुडतो, इथे स्नायू आपला शेंडा आपणच खुडतो. स्नायू जितका जास्त, तितकं मायोस्टॅटिन जास्त, आणि तितका आवर जास्त.

५. माशाकडे दुप्पट प्रती

माशांच्या बाबतीत गोष्ट थोडी गुंतते. आज दिसणाऱ्या बहुतेक काटेरी माशांच्या पूर्वजांमध्ये तीस-पस्तीस कोटी वर्षांपूर्वी सगळाच्या सगळा जनुकसंच दुप्पट झाला. पुढे पुष्कळ जनुकं गळाली, पण मायोस्टॅटिनच्या दोन प्रती राहिल्या. सामन माशांच्या कुळात संच आणखी एकदा दुप्पट झाला, म्हणून त्यांच्याकडे चार प्रती आहेत. आपल्या तळ्यांत सोडतात त्या सायप्रिनसचीही गोष्ट तशीच: त्याची गुणसूत्रं १०० आणि रोहूची ५०.

दुसरं असं की गाई-उंदरांत मायोस्टॅटिन मुख्यतः स्नायूतच बनतं, तर माशांत ते मेंदू, कल्ले, डोळे, अंडाशय अशा ठिकाणीही सापडतं. माशात या प्रथिनाला स्नायूपलीकडेही कामं असावीत. याचा पुरावा जपानमध्ये भाताच्या खाचरात राहणाऱ्या मेडाका नावाच्या चिमुकल्या माशाने दिला. त्याचं मायोस्टॅटिन जनुक बंद केल्यावर तो मोठा झाला खरा, पण रोगप्रतिकार कमजोर झाल्याची लक्षणं दिसली. ज्यांना हे जनुक बंद करून मत्स्यशेतीत क्रांती करायची आहे, त्यांनी हा प्रयोग दोनदा वाचावा.

मोठ्या माशांवरही प्रयोग झाले. २०१६ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जनुककात्रीने, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राने, सायप्रिनसचं मायोस्टॅटिन बंद केलं. त्याच्यात स्नायुपेशींची संख्या वाढली. त्याच प्रयोगात त्यांनी हाडांशी निगडित असं दुसरं एक जनुकही बंद केलं होतं. मांसातले बारीक काटे जावेत हा त्यामागचा हेतू, आणि रोहू खाताना घशात काटा अडकलेला कुठलाही माणूस त्याला मनापासून पाठिंबा देईल. पण काटे जाण्याऐवजी सांगाडाच वाईट बिघडला. (पुढे चीनमध्येच एका वेगळ्या जनुकावर काम करून क्रूशियन कार्पचे बारीक काटे घालवता आले. तो वेगळ्या प्रकरणाचा विषय आहे.)

सगळ्यात पुढे गेला जपान. क्योतो आणि किंदाई विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या मादाई या लाल माशाचं मायोस्टॅटिन बंद केलं. स्नायू सुमारे १६ टक्के वाढले. सोबत शरीराची लांबी कमी झाली आणि मणके लहान राहिले. म्हणजे मासा आखूड आणि जाड झाला. पण बाजारात तो चालला. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या विक्रीला परवानगी मिळाली, आणि खाण्याजोगं मांस सरासरी १.२ पट असल्याचं विकणाऱ्या कंपनीने सांगितलं.

आकड्यांकडे नीट पाहा. उंदरात दोन-तीन पट, माशात मात्र सहाव्या किंवा पाचव्या हिश्श्याची भर. याचं एक कारण असं असावं की मासा एरवीही नवे तंतू घालतच असतो. त्यात आवर काढल्याने फार मोठी भर पडायला वावच कमी आहे. मला हे पटण्यासारखं वाटतं, पण एवढ्या एका कारणावर सगळा फरक टाकणं घाईचं होईल. कारण माशाच्या दोन प्रतींपैकी एक बंद केली तरी दुसरी काम करतच राहते.

६. मग पूस, बेंबळा, अरुणावती, इसापूर या आपल्या धरणांचं काय?

भारतात अशा प्रकारे वाढवलेला रोहू-कटला बाजारात नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा इथल्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने जनुककात्री रोहूवर चालवून पाहिली आहे, २०१६ मध्ये, पण ती रोगप्रतिकाराच्या एका जनुकावर. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने जनुकसंपादनाचे नियम काही प्रमाणात सैल केले, ते पिकांसाठी. प्राण्यांना ती सवलत नाही.

त्याच संस्थेने दुसऱ्या, फार जुन्या मार्गाने रोहूची वाढ वाढवली आहे. १९९२ मध्ये नॉर्वेच्या मदतीने गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रेतले रोहू आणून, त्यांची पिलं एकत्र वाढवून, दरवेळी जास्त वाढलेल्या कुटुंबांतून पुढचे आईबाप निवडायला सुरुवात झाली. वाढीत दर पिढीला सरासरी सुमारे १७ टक्के भर पडत गेली. १९९७ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, हा रोहू जयंती या नावाने बाहेर आला. तेच वर्ष मायोस्टॅटिनच्या शोधाचं. निवडीत कुठल्या एका जनुकाला हात लावायचा नसतो. आवरणारी आणि चेतवणारी शेकडो जनुकं थोडी थोडी सरकतात, आणि दुबळे मासे वाटेतच वगळले जातात. मला तरी हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

पण गावतळ्यातला पाव किलोचा रोहू बहुतेक वेळा जातीमुळे खुरटलेला नसतो. आवर कितीही सैल केला तरी तंतूत भरायला प्रथिन पोटातूनच यावं लागतं. गावतळ्यात एकरी हवं त्याच्या तिप्पट बीज पडतं, खत-पेंड काही नसतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी थंड झालं की मासे खाणं कमी करतात. मोठ्या धरणात वरून खाद्य टाकता येत नाही, सगळं पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर चालतं. पाणी भरपूर आणि मासे मोजके असले की पोसतं. पाव किलो आणि किलोचा फरक इथे पडतो.

एक युक्ती मात्र वाढीच्या या गोष्टीशी जुळते. माशाला काही महिने दाटीत आणि अर्धपोटी ठेवलं तर तो खुरटतो, पण मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळताच आधीच्या उणिवेची भरपाई करत झपाट्याने वाढतो. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराच्या परिसरातले मत्स्यशेतकरी हे मुद्दाम करतात. वर्षभर खुरटवलेलं बीज घेऊन ते तळ्यात सोडतात आणि थोड्या महिन्यांत बाजाराचा मासा काढतात. आपल्याकडची बरीच तळी जुलै-ऑगस्टात भरून एप्रिलला आटतात. हातात मोजून आठ-नऊ महिने असतात. अशा पाण्यात मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतंच निघालेलं बीज, सोडणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं, कारण पहिले तीन महिने त्यांना बोटुकली व्हायलाच लागतात आणि तोवर निम्मी मरळ आणि बगळे खातात.

पेंडीबद्दलही एक शब्द. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड निम्मी-निम्मी, हे रोहू-कटल्याचं जुनं खाद्य. यवतमाळात सरकीची पेंड स्वस्त आणि हाताशी, म्हणून तीच ओतण्याचा मोह होतो. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त झालं की माशाच्या वाढीवर उलटतं. थोडी मिसळली तर चालते, सगळं खाद्य सरकीचं नको.

तेव्हा या पावसाळ्यात बीज घ्यायला जाल तेव्हा जिरे घेऊ नका, ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली मागा, वर्षाचं खुरटवलेलं बीज मिळत असेल तर दोन पैसे जास्त देऊन तेच घ्या, आणि केंद्रात जयंती रोहू आहे का हे विचारायला विसरू नका.